पाठीवरची कोरडी जागा

आधीच सांगून टाकतो, माझा स्वभाव संशयी आहे. दुकानदाराने पुडा बांधून दिला तर मी तो दुकानातच सोडून बघतो. कंडक्टर "मागे जागा आहे" म्हणाला तर चढण्याआधी वाकून बघतो. यात थोडा दोष माझ्या कामाचाही आहे. घुग्घुसजवळच्या एका कोळसा खाणीत मी ड्रेसर होतो. खाणीत बार उडवले, धूर निवला, की सगळ्यांच्या आधी ड्रेसरने आत जायचं. हातात सब्बल, म्हणजे लोखंडी पहार. तिने छत ठोकत ठोकत पुढे सरकायचं आणि कान देऊन ऐकायचं. टणटण वाजलं तर छत पक्कं. ढबढब वाजलं तर वरचा थर सुटलाय. तो पाडायचा आणि मगच बाकीच्यांना हाक मारायची. दिसण्यावर विश्वास ठेवायचा नाही, एवढंच या कामाचं शिक्षण. ते मी घरीही घेऊन आलो, ही चूक.

हे लिहायला मला देविदासभाऊंनी लावलं. ते कुष्ठरोगाच्या कामावरचे माणूस, सायकलवर गावोगाव फिरून लोकांच्या अंगावरचे चट्टे तपासतात. आमच्या कॉलनीत त्यांना चट्टेवाले म्हणायचे. ते म्हणाले, "आमच्या कागदात रोग लिवला असते, मानूस नसते. तुमी तुमचं लिवा. वाचून एखादा तरी लपवाचा थांबन." औषधांची नावं मी देणार नाही, ती दवाखान्यात मिळतील. मी फक्त खाटेबद्दल लिहिणार आहे. माझा रोग खाटेवर सापडला आणि माझा संसारही तिथेच टांगणीला लागला.

चिवड्याचा कागद

लग्नाला सात वर्षं झाली होती. बायको वच्छला, माहेर ब्रह्मपुरीकडचं. मुलगी माया, चार वर्षांची. राहायला कॉलनीतलं क्वार्टर, एक खोली आणि एक स्वयंपाकघर. दर आठवड्याला माझी पाळी बदलायची: पहिली, दुसरी, मग रातपाळी. रातपाळीच्या आठवड्यात मी सकाळी घरी यायचो, आंघोळ करून नऊला आडवा व्हायचो तो दुपारी तीनला उठायचो.

एका संध्याकाळी आम्ही लॅम्परूमसमोर टोपीच्या दिव्यांसाठी रांगेत उभे होतो. महादेवभाऊ माझ्याबरोबर कोळशाचे टब, म्हणजे रुळावरच्या गाड्या, ढकलायला असायचे. जगातल्या प्रत्येक गोष्टीवर त्यांचं मत तयार. त्यांच्या हातात चिवड्याचा तेलकट कागद होता, कुठल्यातरी साप्ताहिकाचं पान. त्यावर नवरा-बायको झोपलेले, अशी पाच-सहा चित्रं.

"आयका बे सारे," महादेवभाऊ म्हणाले. "तोंडाले तोंड करून झोपले त लय प्रेम. पाठीले पाठ लावली त भांडन. आन हे पाहा, बायको नवऱ्याच्या पाठीमांग झोपते, हे चित्र. म्हंजे तिच्या मनात काईतरी लपवाचं हाये."

"असं लिवलं हाये का तिथी?" कोणीतरी विचारलं.

"लिवलेलं तेलात गेलं. पर चित्र बोलून राह्यलं ना." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "तुवी कोनीकडं झोपते गा?"

सगळे हसले, मीही हसलो. पण पाळी सुरू होऊन छत ठोकायला लागलो तरी मनातली पाल चुकचुकतच होती. कारण होळीपासून वच्छला माझ्या पाठीमागेच झोपत होती.

"तिकडं तोंड करा"

आधी असं नव्हतं. पूर्वी ती भिंतीच्या बाजूला झोपायची, माझ्याकडे तोंड करून. दिवसा तर ती कधी आडवीच व्हायची नाही. दिवसा झोपणाऱ्या बाईला ती आळशी म्हणायची. होळीनंतर मात्र रातपाळीच्या आठवड्यात माया शेजारी खेळायला गेली की ती हळूच खाटेवर यायची. मला भिंतीकडे सरकवायची आणि म्हणायची, "तिकडं तोंड करा. खिडकीतून उजेड येते, तुमच्या डोळ्याले लागते."

पहिल्यांदा मला बरं वाटलं. बायकोला आपली काळजी आहे, असं वाटलं. महादेवभाऊंचा कागद पाहिल्यावर मात्र मी हिशेब लावायला बसलो. इतकी वर्षं उजेड कुठे गेला होता? ती मागे झोपते, पण झोपते कुठे? झोपलेल्या माणसाचा श्वास मला कळतो. तिचा श्वास जागा असायचा. कधी पाठीवर काहीतरी सरकल्यासारखं वाटायचं, मधेच थांबायचं आणि भलतीकडेच पुन्हा सुरू व्हायचं. मी वळलो की ती पटकन हात मागे घ्यायची.

"काय करून राह्यली?"

"काई नाई. माशी होती."

चैत्रात आमच्याकडे माशाही उन्हाला कंटाळून कुठेतरी सावलीत बसतात. मला माशीचं काही पटलं नाही.

शिवणाच्या डब्यातला कागद

सदऱ्याचं बटण तुटलं म्हणून मी तिचा शिवणाचा डबा उघडला. रिळांच्या खाली चार घड्या घातलेला पातळ कागद होता. त्यावर पेन्सिलीने एक आकार काढलेला, आंब्याच्या कोयीसारखा. त्याच्या बाहेरून दुसरी रेघ, जरा मोठी. खाली तिच्या अक्षरात लिहिलं होतं: "रातपाळी हो. पहिली दुसरी नाई. देविदासभाऊ मंगळवार बारा वाजता."

मी तो कागद दहा वेळा वाचला. देविदास म्हणजे तो सायकलवाला, हे मला माहीत होतं. नळावर बायकांना चित्रांचे तक्ते दाखवताना मी त्याला पाहिलं होतं. गोरागोमटा, इस्त्रीचा शर्ट, खिशाला दोन पेन. मी तेव्हा म्हणालोही होतो की हा माणूस दारोदार रोग विकत फिरतो.

आज त्या हिशेबाचं हसू येतं. बाईला कोणाला लपून भेटायचं असेल तर ती पहिल्या पाळीत भेटेल, नवरा जमिनीखाली असताना. नवरा खाटेवर घोरत असताना त्याच्याच घरात कशाला कोणाला बोलवेल? पण संशय आला की एवढंसुद्धा सुचत नाही. रातपाळीचा माणूस दिवसा मेल्यासारखा झोपतो हे कॉलनीत सगळ्यांना ठाऊक असतं, मी तेवढंच धरून बसलो. कागद होता तसा ठेवून दिला, बटणही लावलं नाही.

पुढच्या रातपाळीच्या आठवड्यात, मंगळवारी सकाळी, मी खाणीतली सब्बल गोणपाटात गुंडाळून सायकलवरून घरी आणली. अवजार घरी आणायची परवानगी नव्हती. वच्छला चुलीपाशी होती. खाट आणि भिंत यांच्यामध्ये वीतभर फट होती, तिच्यात मी सब्बल उभी सरकवली. भिंतीकडे तोंड करून पडलो आणि हात त्या फटीत सोडला.

मंगळवार

मी घोरण्याचं सोंग घेतलं. उन्हाचा कडाका होता. अंगाखालची चादर घामाने चिंब झाली होती. वच्छला येऊन मागे बसली, खाट करकरली. मग बाहेर सायकल स्टॅंडवर लावल्याचा आवाज आला. ती उठून दाराशी गेली.

"या. झोपले हायेत. हळू बोला."

"बाई, हे बरोबर नाई," तो म्हणाला. "मानसाले न सांगता असं पाहू नाई. जागे करा त्याईले, सांगा."

"नाई भाऊ. पयले तुमी पाहून घ्या. नसन त कायले सांगाचं?"

दोघं माझ्या मागे येऊन उभे राहिले. माझी मूठ सब्बलीवर आवळली गेली होती. लोखंड थंड होतं, एवढं आठवतं. अजून एक शब्द बोलू दे, मग उठतो, असं मी मनात म्हणत होतो.

"उजेडात पाहा," वच्छला म्हणाली. "सारी पाठ घामानं वली हाये. आन हे इथी. तळहाताएवढं कोरडं. कितीबी गरमी होऊ द्या, इथी घाम येत नाई. तुमी नळावर सांगतलं होतं ना, घाम येत नाई म्हनून."

"कवापासून?"

"होळीपासून पाहून राह्यली मी. कागदावर उतरून ठेवला. वाढून राह्यला, भाऊ. आन हे पाहा, सुई लावतो मी. हे लावली. हे टोचली. हालत नाईत."

"राहू द्या बाई, रक्त येईन."

"आलंच ना. पाहा, थेंब आला. हालले का?"

मी हललो नाही. झोपलो होतो म्हणून नव्हे. मी पूर्ण जागा होतो. तिने "टोचली" म्हटल्यावर मी वाट पाहत होतो की आता टोचेल. टोचलंच नाही. पंख्याचा वारा कळत होता, चादरीची शिवण कळत होती, खांद्यावरून ओघळणारा घाम कळत होता. सुई तेवढी कळत नव्हती. रोज छत ठोकून पोकळ जागा हुडकणारा मी, आणि माझ्याच पाठीवर ठोकून ठोकून ती हेच शोधत होती.

सब्बलीवरची मूठ सुटली. मी तसाच, भिंतीकडे तोंड करून म्हणालो, "अजून टोच."

वच्छलाच्या तोंडून किंकाळी निघाली.

"अजून टोच. जोरात. मले लागून राह्यलं नाई."

मग ती रडायला लागली. देविदासभाऊ स्टूल ओढून माझ्यासमोर येऊन बसले. त्यांनी माझा हात हातात घेतला, करंगळी दाबून पाहिली, कोपराच्या मागची शीर चाचपली. करंगळीच्या पेरावर बिडीचे दोन डाग होते. मला ते कधी भाजल्याचं आठवत नव्हतं.

"आंदी मलेच काऊन नाई सांगतलं?" मी वच्छलाला विचारलं.

"काय सांगाचं? तुमीच म्हनलं होतं. आठवून पाहा."

मला आठवलं. वर्षभरापूर्वी दुसऱ्या खाणीतल्या एकाला महारोग निघाल्याची बातमी आली होती. जेवता जेवता मी म्हणालो होतो, मला असं काही झालं तर मी कच्च्या छताखाली जाऊन उभा राहीन, एका मिनिटात मोकळा. मी विसरून गेलो होतो. ती विसरली नव्हती. म्हणून आधी खात्री करून घ्यायची, नसलाच तर बोलायचंच नाही, असं तिने ठरवलं होतं.

डॉक्टरांचे फुटाणे

त्याच दुपारी वच्छला, देविदासभाऊ आणि मी बसने चंद्रपूरच्या दवाखान्यात गेलो. डॉक्टरांनी डोळे मिटायला सांगितलं आणि म्हणाले, कापूस जिथे लागेल तिथे बोट ठेवा. मी बोट ठेवत गेलो. मधे बराच वेळ काही लागलं नाही. मला वाटलं, थांबले असतील. डोळे उघडून पाहिलं तर कापूस माझ्या करंगळीवरच फिरत होता.

"बरा होईल," डॉक्टर म्हणाले. "वेळ लागेल. गोळ्या चुकवायच्या नाहीत."

मी विश्वास ठेवला नाही. सगळ्यांना असंच सांगत असतील. मी त्यांचे हात बघत राहिलो. मनात म्हणत होतो, आता हा माणूस उठेल आणि साबणाने हात धुवेल, मग कळेल खरं काय ते. डॉक्टरांनी माझा कागद लिहिला, टेबलावरच्या पुडीतून त्याच हाताने चार फुटाणे उचलले आणि तोंडात टाकले. पुडी माझ्यापुढेही केली. तुम्ही हसाल, पण त्या दिवशी मला धीर दिला तो फुटाण्यांनी.

संध्याकाळी घरी आलो. नळावर हातपाय धुतले. आत येऊन पाहतो तर सब्बल फटीत नव्हती, दारामागे उभी होती. मीच ठेवली असेल, म्हटलं. डोकं ठिकाणावर नव्हतं. दुसऱ्या दिवशी गुपचूप ती खाणीत नेऊन ठेवली.

ताट आणि पाठ

औषध सुरू झालं. लाल कॅप्सूल घेतली त्या दिवशी लघवी लाल झाली. डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं, तरी मी तासभर विषप्रयोगाच्या संशयात काढला.

मायालाही तपासलं. कापूस लागला की ती खिदळायची, प्रत्येक वेळी खिदळली. तिचं हसणं थांबू नये म्हणून मी बाकावर मुठी आवळून बसलो होतो. तिला काही निघालं नाही. बाहेर येऊन मी भिंतीला टेकून रडलो.

आठवड्याने माझे थोरले भाऊ गावाहून आले. दारातच उभे राहिले. म्हणाले, "पोरीले आमच्याकडं धाडा. आन याचं ताट-गिलास येगळं करा. आमी काई वाईट सांगून नाई राह्यलो." मी जेवत होतो. वच्छला आली, माझ्यासमोर बसली आणि माझ्याच ताटातल्या भातात हात घालून जेवायला लागली. एक घास, दुसरा, तिसरा. भाऊ निघून गेले. नंतर पुतणीचं लग्न झालं, आम्हाला पत्रिका आली नाही.

खाणीतही कळलंच. महादेवभाऊंनी त्यांचा डबा माझ्यापासून उचलून पलीकडच्या बाकावर नेला. ते नजरेला नजर देत नव्हते. तीन महिन्यांनी एका दिवशी डबा पुन्हा माझ्या शेजारी आला.

हे सगळं सोसता आलं असतं. सोसत नव्हती ती खाट. त्या मंगळवारपासून वच्छला माझ्या मागे झोपेनाशी झाली. मला भिंतीकडे सरकवायची आणि स्वतः स्वयंपाकघराकडे तोंड करून झोपायची. माझ्याकडे पाठ. दिवसा माझ्या ताटात जेवणारी बाई, माझे कपडे स्वतः धुणारी, करंगळीला तेल लावणारी. आडवी झाली की पाठ.

मला तो चिवड्याचा कागद पुन्हा पुन्हा आठवायचा. ताट लोकांना दाखवायला असतं, म्हटलं, खाटेवरचं खरं. तिला किळस येत असणार. तिच्या काकाला रगतपिती, म्हणजे हाच रोग, झाली तेव्हा गावाने त्याला शेतातल्या झोपडीत टाकलं होतं आणि काकू महिन्याभरात माहेरी गेली होती, हे तिनेच मला सांगितलं होतं. ती कधी जाईल, एवढंच मी बघत होतो. तिची पत्र्याची पेटी कोपऱ्यात होती. कामावरून आलो की आधी पेटी जागेवर आहे ना ते बघायचो आणि मग चप्पल काढायचो. विचारायची छाती नव्हती. विचारलं आणि ती "हो" म्हणाली तर?

जिवतीची म्हातारी

पाच महिन्यांनी कोपराची शीर दोरखंडासारखी सुजली. ठणका असा की रडू यायचं. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट वाकायला लागलं. मला वॉर्डात भरती केलं. तिथे वीस-बावीस दिवस काढले.

वॉर्डातला दिवस एकसारखा. सकाळी सगळे रांगेत हातपाय पाण्याच्या घमेल्यात बुडवून बसायचे, मग तेल चोळायचं, मग एकमेकांची बोटं तपासायची: कुठे भाजलंय, कुठे कापलंय. आपल्याला कळत नाही, म्हणून दुसऱ्याने पाहायचं. मला हे सुरुवातीला फार जड गेलं. शेजारी माझं बोट उलटंपालटं करून "बरं हाये" म्हणायचा आणि मी पुन्हा स्वतः बघायचो. आठवडाभराने पुन्हा बघायचं सोडलं. वच्छला रविवारी बसने यायची, जवसाची चटणी आणि भात घेऊन. माझ्या खाटेवर बसायची, माझ्याच डब्यातून खायची. पण मी तिच्या पेटीचाच विचार करत असायचो.

समोरच्या खाटेवर जिवती गावाकडचे एक गोंड आजोबा होते. जुना रोग, दोन्ही पाय बधिर. आजी त्यांच्याबरोबर राहायची. तिला खाट नव्हती, ती खाली चटईवर झोपायची. पण उशाकडे नाही. रोज चटई ओढत पायथ्याशी न्यायची आणि बसल्या बसल्याच आजोबांच्या तळव्यांना डोकं टेकवून झोपायची.

मी बघत होतोच. नवऱ्याच्या पायाशी डोकं! इतकी भक्ती मला खरी वाटेना. म्हातारीने काहीतरी नवस बोलला असेल, नाहीतर म्हातारा धाकात ठेवत असेल. शेवटी एका दुपारी राहवलं नाही.

"आजी, तुमी पायापाशी काऊन झोपता?"

आजीने माझ्याकडे असं पाहिलं की याला एवढंही कळत नाही.

"उंदीर," ती म्हणाली. "रातच्याला उंदीर येते, पाय कुरतडते. यायले समजत नाई. मले समजते. मी डोकं लावून झोपतो."

आजोबा वरून हसले. "मले वाटे, हे माह्या पाया पडते."

"पाया पडाले रिकामी नाई मी," आजी म्हणाली.

सगळा वॉर्ड हसला. त्या दिवसापर्यंत मी आजीला तीन प्रकारे वाचलं होतं आणि तिन्ही वेळा चुकलो होतो. वच्छला मागे झोपली तेव्हाही चुकलो होतो. मग ती पाठ करून झोपते हे तरी मला बरोबर कळलंय कशावरून?

सूप

सुट्टी मिळून घरी आलो. माया शेजारी खेळायला गेली होती. दुपारचं ऊन खिडकीतून खाटेवर आलं होतं. मी आडवा, वच्छला खाली बसून सुपात तांदूळ निवडत होती.

"वच्छला, तुले माह्या रोगाचं भेव वाटते का?"

"काऊन?"

"माह्याकडं पाठ करून झोपते म्हनून."

तिने सूप खाली ठेवलं. "रोगाचं भेव असतं त तुमच्या ताटात जेवली असती का मी?"

"मंग?"

तिने सुपाबाहेर सांडलेले तांदूळ गोळा केले. मग म्हणाली, "त्या दिवशी दवाखान्यातून आलो. तुमी नळावर होते. मी खोली झाडाले म्हनून खाट सरकवली. फटीत सब्बल होती."

मी तिच्याकडे कूस बदलली.

"पयले वाटलं, जीव द्याले आनली. पर जीव द्याले घरी सब्बल कायले पायजे? मंग आठवलं, तुमी जागे होते. घोरून राह्यले होते, आन जागे होते. आन हात फटीत होता." तिने माझ्याकडे पाहिलं. "समजलं मले. बोलली नाई. बिमार मानसाशी काय भांडाचं? पर म्हनलं, तोंड करून झोपली त माह्या डोळ्याकडं पाहून याचा हात थांबन. पाठच देतो. पाहू, उठते का हात."

म्हणजे पाच महिने ती मला तपासत होती, आणि मी तिची पेटी मोजत होतो.

मग मी सगळं सांगितलं. चिवड्याचा कागद, महादेवभाऊ, शिवणाचा डबा, देविदासभाऊंच्या खिशातली दोन पेनं. सांगताना मला माझीच लाज वाटत होती. पेनांचं ऐकून तिला हसू आलं, पण ते ओठांपर्यंत येऊन थांबलं.

"कोनाले मारलं असतं? त्याईले का मले?"

"कोनालेच नाई."

"खरं सांगा."

मी खूप शोधलं. ती थंड लोखंडी पहार आठवली, "अजून एक शब्द बोलू दे" हे आठवलं.

"माईत नाई," मी म्हणालो.

तिने सूप उचललं. राहिलेले तांदूळ निवडले, एकेक खडा वेचून बाजूला टाकला. मी मनात धरून चाललो होतो की आता ती उठेल आणि पेटीकडे जाईल. ती उठली, हात धुतले, पदराला पुसले, शिवणाचा डबा सरकवून जागेवर ठेवला आणि खाटेपाशी येऊन उभी राहिली.

"तिकडं तोंड करा," ती म्हणाली.

मी भिंतीकडे वळलो. खाट करकरली. ती माझ्या मागे आडवी झाली. तिचा श्वास मानेवर लागत होता, तो जागा होता. थोड्या वेळाने तिने विचारलं, "लागून राह्यलं का?"

"काय?"

"काई नाई."

आता औषध संपून दोन वर्षं झाली. बोटं बरीच सरळ झाली. खाणीने मला लॅम्परूममधलं हलकं काम दिलं. रोग गेला, पण पाठीवरची ती जागा तशीच बधिर आहे. त्या दुपारी तिने तिथे हात ठेवला होता की सुई, हे मला कळलं नाही. वळून बघितलं असतं तर कळलं असतं. मी वळलो नाही, विचारलंही नाही. भिंतीकडे तोंड करून तसाच पडून राहिलो आणि मला झोप लागली.